तुम्ही विचारलंत म्हणून: माझं मोडलेलं लग्न आणि मी लावते ती लग्नं

“स्वतःचं लग्न टिकलं नाही, मग दुसऱ्यांची कशी लावता?”

मी पुरोहित आहे, लग्नं लावते, आणि घटस्फोटित आहे. हा प्रश्न इतका सरळ फार थोडे जण विचारतात. बहुतेकांची सुरुवात “मिस्टर काय करतात?” इथून होते, आणि माझ्या उत्तरानंतर जी शांतता पसरते तिच्यात उरलेला प्रश्न असतो. यजमानांनी विचारलंय, कार्यालयाच्या मॅनेजरनं विचारलंय, माझ्या सख्ख्या बहिणीनंही विचारलंय. दर वेळी मी काहीतरी वेगळं सांगितलं आणि त्यातलं एकही उत्तर पूर्ण खरं नव्हतं. म्हणून आता सविस्तर लिहिते.

बँक सोडून मी पोथी हातात घेतली. बाई असून लग्न कसं लावता, हे पुण्यात मला कोणी विचारत नाही. ज्ञान प्रबोधिनी या संस्थेनं आणि तिच्यासारख्या काही मंडळींनी स्त्रियांना पौरोहित्य शिकवलं, त्यालाही आता काही दशकं झाली. त्या बायकांनी जे सोसलं त्याच्या जिवावर मला हा रस्ता तयार मिळाला. प्रश्न येतो तो घटस्फोटित बाईचा.

सुरुवातीला माझ्याकडे एक ठेवणीतलं उत्तर होतं. “ज्याचं मोडलंय त्यालाच जोडण्याची किंमत कळते,” असं मी म्हणायचे. लोक माना डोलवायचे. ते उत्तर खोटं होतं. मोडल्यामुळे मला जोडण्याबद्दल काहीही जास्त कळलेलं नाही. सोळा वर्षांत संसार कुठे उसवत गेला ते मला आजही नेमकं सांगता येत नाही, मग दुसऱ्याला काय शिकवणार? तेव्हाच्या मला हे कोणी म्हटलं असतं तर मी भांडले असते.

खरं कारण लहान आहे. माझ्या लग्नात मी सप्तपदी चालले आणि एकही शब्द ऐकला नाही. व्हिडिओवाला गुरुजींना थांबवत होता, मावशी शालू सावरत होती, पंगत मांडायची घाई चालली होती. पहिलं पाऊल अन्नासाठी, दुसरं बळासाठी, आणि सातव्या पावलाला ‘सखा सप्तपदी भव’, म्हणजे आता माझा मित्र हो. हे मला कळलं चाळिशी उलटल्यावर, संस्कृतच्या वर्गात, आणि तेव्हा आमच्या घटस्फोटाचा निकाल लागून वर्ष झालं होतं. त्या दिवशी वर्गातून उठून मी बाहेर जिन्यात जाऊन बसले होते.

निकालाच्या वेळचीही एक गोष्ट आहे. आमचा परस्पर संमतीचा अर्ज होता. न्यायाधीशांनी आम्हा दोघांना वेगवेगळं विचारलं, की हे तुम्ही स्वतःच्या मर्जीनं करताय ना, कोणाचा दबाव नाही ना? मी हो म्हटलं आणि एकदम लक्षात आलं, की लग्नाच्या वेळी हे मला कोणीच विचारलं नव्हतं. आता माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलीला मी आधी एकेकट्याला भेटते आणि हाच प्रश्न विचारते. माझ्या घटस्फोटातून या कामात आलेली गोष्ट एवढी एकच आहे. दोनदा या प्रश्नानंतर लग्नं थांबली. एका मुलीच्या आईनं त्याचा दोष माझ्या पायगुणाला दिला.

कायद्याचंही सांगते, कारण तोही वाद घातला जातो. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याचं कलम ७ म्हणतं, की विवाह दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधिपूर्वक व्हावा, आणि त्या विधींमध्ये सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला तो पूर्ण आणि बंधनकारक होतो. विधी कोणी करायचे, त्याचं स्वतःचं लग्न कसं असावं, याबद्दल त्यात एक अक्षर नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं लग्न करणारे येतात तेव्हा मी पहिल्याच भेटीत सांगते, की तुमचं लग्न लागणार ते विवाह अधिकाऱ्यासमोर, तीस दिवसांच्या नोटिशीनंतर, तीन साक्षीदारांच्या सह्यांनी. मी करते तो समारंभ आहे, त्याला कायद्याचं वजन नाही. आणि पुरोहितावाचून लग्न ही तर याच पुण्यातली गोष्ट आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी तशी लग्नं लावायला सुरुवात केली. त्या पद्धतीत वधूवर स्वतः एकमेकांना वचन देतात.

हे सगळं मला पाठ आहे. सिंहगड रस्त्यावरच्या एका कार्यालयात मात्र यातलं एक वाक्य तोंडातून निघालं नाही.

डिसेंबर होता. मुलगा-मुलगी तीनदा माझ्या घरी येऊन गेली होती. कन्यादान नको, त्याऐवजी दोन्ही घरच्यांनी एकमेकांचं स्वागत करायचं, मंगलाष्टका पाचच, प्रत्येक पावलाचा अर्थ मराठीत, असं सगळं ठरलं होतं. माझ्या घटस्फोटाचं मुलीला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. ती म्हणाली होती, “ताई, त्यानं काय होतं?” तिच्या आईनं मात्र सीमांतपूजनाच्या संध्याकाळी विचारलं, “तुमचे मिस्टर?” आणि मी म्हणून गेले, “ते सोलापूरला असतात.” ते सोलापूरला असतात हे खरंच आहे. पण ते वाक्य मी कशासाठी वापरलं ते मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या आत्यानं मला ओळखलं. माझ्या सासरच्या गल्लीतल्याच त्या. अकरा वाजून बारा मिनिटांचा मुहूर्त पत्रिकेत छापला होता, आणि अकराला दहा कमी असताना मुलीचे वडील माझ्याजवळ आले. हात जोडूनच आले. म्हणाले, “ताई, गैरसमज नको. आमचं काही नाही हो. पण मुलाच्या आजींनी धरून ठेवलंय. मंगलकार्य आहे.” मी मुलीकडे पाहिलं. ती पाटाजवळ उभी होती, मुंडावळ्या बांधून. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली, हातातल्या हाराकडे.

कोणीतरी जवळच्या देवळातल्या गुरुजींना फोन केला. ते पोचेपर्यंत मुहूर्त टळून गेला होता, त्याचं मात्र कोणाला काही वाटलं नाही. मी वधूपक्षाच्या खोलीत बसून होते, उघड्या बॅगा आणि हँगरवरच्या साड्यांमध्ये. माझ्या पिशवीत त्या दोघांसाठी लिहिलेले सात कागद होते. भिंतीपलीकडून मंगलाष्टका ऐकू आल्या, मग सावधान, मग ताशा. अंगावर पडायच्या अक्षता माझ्या मुठीत तशाच होत्या. त्या कुठे टाकाव्यात ते कळेना, म्हणून पर्समध्ये ठेवल्या. निघताना वडिलांनी पाकीट दिलं, पूर्ण मानधनाचं. मी ते घेतलं.

पाकीट का घेतलंस, असं बहीण अजून विचारते. त्या तारखेचं दुसरं काम मी नाकारलं होतं, तीन भेटी दिल्या होत्या, पैसे माझ्या कष्टाचे होते. हे सगळं बरोबर आहे. त्या रात्री मात्र मला ते गप्प बसण्याचे पैसे वाटले, आणि अधूनमधून अजूनही वाटतात.

दोन महिन्यांनी मुलगी एकटी घरी आली. लग्ननोंदणीचा नमुना ‘ड’ घेऊन. आपल्याकडच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे त्यावर वर, वधू आणि तीन साक्षीदारांबरोबर लग्न लावणाऱ्या पुरोहिताचीही सही लागते, आणि नव्वद दिवसांच्या आत नोंदणी करायची असते. ते गुरुजी गावी गेले होते, फोन लागत नव्हता. ती म्हणाली, “बाबा म्हणाले, तुमचीच सही घेऊन ये. मानधन तुम्हालाच दिलंय ना.”

मी सही केली नाही. जे लग्न मी लावलं नाही ते मी लावलं असं सरकारी कागदावर लिहून द्यायला माझा हात धजला नाही. हे कारण खरं होतं, पण ते एकच नव्हतं. तिनं एकदा तरी म्हणावं, की ताई, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, याची मी वाट पाहत होते. ती रडली, पण हे म्हणाली नाही. चहा घेऊन गेली. सव्वीस वर्षांच्या मुलीनं भरल्या मांडवात आजेसासूशी भांडावं, ही अपेक्षा मी कोणत्या हक्कानं करत होते? तिच्या वयाची असताना मी तरी कुठे तोंड उघडलं होतं? हे मला समजतं. तरीही तिचं ते खाली पाहणं मी विसरलेले नाही.

त्यानंतर मी पद्धत बदलली. पहिल्या भेटीत दोघांना सांगते, “मी घटस्फोटित आहे. घरी सगळ्यांना सांगा, आजीआजोबांनासुद्धा. मग फोन करा.” माझी एक मैत्रीण म्हणते, की गुरुजींना कोणी त्यांच्या संसाराचं विचारतं का? मग तू आपण होऊन का सांगतेस, हा तर तुझा तूच केलेला विटाळ. तिचं चुकत नाही. लपवायचं नाही म्हणून सांगते, असं मी तिला म्हणते. पण पुन्हा त्या खोलीत बसावं लागू नये म्हणूनही सांगते. या दोन्हींतलं जास्त खरं कोणतं, ते मला ठरवता आलेलं नाही.

परवा एक जोडपं येऊन गेलं. मुलगा नागपूरचा, मुलगी इथली कोथरूडची. मी माझं वाक्य सांगितलं, दोघांनी ऐकून घेतलं, घरी बोलून कळवतो म्हणाले. फोन अजून आलेला नाही. त्यांच्या तारखेला दुसरं काम मी घेतलेलं नाही.