‘ट्युनिक’मधील न वाचता येणारी पुस्तिका

हिरवा अंगरखा घातलेला एक इवलासा कोल्हा समुद्रकिनाऱ्यावर जागा होतो. आपण त्याला वरून, किंचित तिरक्या कोनातून पाहत असतो. त्याच्याजवळ काही नसते आणि कुठे जायचे हेही कोणी सांगत नाही. आधी एक काठी सापडते, पुढे तलवार आणि ढाल. कॅनडातील अँड्र्यू शोल्डाइस यांनी अनेक वर्षे खपून घडवलेला आणि मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘ट्युनिक’ हा व्हिडिओ खेळ वरवर पाहता एवढाच आहे.

त्याचे खरे वैशिष्ट्य म्हणजे खेळात विखुरलेली माहितीपुस्तिकेची पाने. ती एकेक करून गोळा करायची असतात. त्यांत नकाशे आणि चित्रे आहेत, आधीच्या कुण्या मालकाने पेनाने केलेल्या खुणाही आहेत. मजकूर मात्र, मधूनच येणारे काही इंग्रजी शब्द सोडले, तर एका अनोळखी लिपीत आहे. इतर खेळ नवे सामर्थ्य देऊन आपल्याला पुढे नेतात, तर हा खेळ सामर्थ्य पहिल्यापासून हाती देऊन त्याचे ज्ञान तेवढे लपवून ठेवतो. एक बटण दाबून धरले की कोल्हा गुडघे टेकतो, हे सुरुवातीपासूनच शक्य असते. पण त्याचा उपयोग संबंधित पान हाती येईपर्यंत सहसा कळत नाही. कोल्ह्याच्या मूर्तीपुढे विशिष्ट वस्तू आणि नाणी अर्पण करून आपली ताकद वाढवता येते, त्याचेही तसेच. वाटासुद्धा कॅमेऱ्याच्या कोनामुळे भिंतीआड दडलेल्या असतात, आणि सापडल्यावर कळते की त्यांच्या तोंडावरून आपण कितीदा तरी गेलो होतो. (ज्यांना हा खेळ खेळायचा आहे, त्यांनी पुढचा परिच्छेद वगळलेला बरा.)

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी उन्हाळ्याच्या सुटीत हा खेळ माझ्या लॅपटॉपवर चालू असताना, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकणारा पुतण्या शेजारी बसून त्या लिपीकडे टक लावून पाहत होता. “काका, हे त बाराखडीच हाये ना,” तो म्हणाला, आणि ते बऱ्याच अंशी खरे निघाले. प्रत्येक चिन्हातील आतल्या रेघा व्यंजनाच्या, बाहेरच्या रेघा स्वराच्या. खाली छोटे वर्तुळ असेल तर स्वर आधी उच्चारायचा. आणि शब्दभर मधून जाणारी एक आडवी रेघ, जी आपल्या शिरोरेषेची आठवण करून देते. लिपीखालची भाषा इंग्रजीच आहे, मात्र ती स्पेलिंगप्रमाणे न लिहिता उच्चाराप्रमाणे लिहिलेली आहे. ज्याने ‘किराणा अँड जनरल स्टोअर्स’ अशा पाट्या वाचत अक्षरओळख पक्की केली, त्याला उच्चारानुसार लिहिलेल्या इंग्रजीचे काय नवल! स्पेलिंगच्या धाकात वाढलेल्या माणसापेक्षा आमच्याकडच्या मुलांना हे कोडे अधिक जवळचे वाटावे, असे माझे मत आहे. लिपी न उलगडताही खेळ पूर्ण करता येतो, पण तसे करण्यात निम्मी गंमत हातची जाते.

टेरेन्स ली, म्हणजेच ‘लाइफफॉर्म्ड’, आणि जॅनिस क्वान यांचे संगीत शांत, काहीसे उदास आहे. दुपारी वीज जाऊन कूलरची घरघर थांबली की बॅटरीवरच्या लॅपटॉपमधून ते अधिक नीट ऐकू येते.

लढायांबाबत मात्र माझी तक्रार आहे. एवढ्या गोंडस रूपाच्या खेळातील मोठे शत्रू अनपेक्षितपणे कठोर आहेत. ढाल उचलणे आणि लोळण घेऊन वार चुकवणे या दोन्हींसाठी दम राखून ठेवावा लागतो, आणि मेल्यावर सांडलेली काही नाणी परत आणायला पुन्हा त्याच जागी जावे लागते. कोडी सोडवण्यात रमलेल्या खेळाडूवर ही बोटांच्या चपळाईची सक्ती अन्यायकारक वाटते. सुदैवाने सेटिंग्जमध्ये कोल्ह्याला अमर करण्याची सोय आहे, आणि शेवटाकडे मी ती निःसंकोच वापरली. पुतण्याला ते मुळीच मान्य नाही. त्याने स्वतःचा खेळ पहिल्यापासून वेगळा सुरू केला आहे आणि मी पाने शोधायला मदत करू नये, अशी त्याची अट आहे.