संकासुराचे एकशे बारा फोटो

शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार. त्या दिवशी आमच्या दुकानात कॅमेरा घ्यायला सहसा कोणी येत नाही. पासपोर्ट फोटो, मेमरी कार्ड, आणि "जरा ही पिशवी तासभर ठेवू का?" एवढंच. २०१७ च्या दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी मास्तर आले ते हातात मयड्याच्या केळ्यांची फणी घेऊन. घर पेडण्यात, शाळा ओल्ड गोव्याच्या बाजूला, म्हापसा वाटेवर. केळी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "माका सवण्यांचे फोटो काडूचे आसत. चाळीस हजारांच्या वर जमणार नाही."

मला हे गिऱ्हाईक तिथंच आवडलं. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो "किती मेगापिक्सेल?" आणि दुसरा "किती एक्स?" काय काढायचंय हे स्वतःहून सांगणारा माणूस महिन्यातून एखादा. शाळा सुटली की करमळीच्या तळ्यावर जातो, म्हणाले. बंधाऱ्यावर बसायचं, मागून कोकण रेल्वे धडधडत जाते, पाखरं दचकत नाहीत. वहीत नावं लिहून ठेवली होती: अडई, तलवार बदक, जांभळी पाणकोंबडी.

आमच्या पात्रांवांनी, म्हणजे दुकानाच्या मालकांनी, तोवर डबल किटचा खोका काउंटरवर आणून ठेवलाच होता. कॅनन १३००डी हा डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा, सोबत १८-५५ आणि ५५-२५० एमएम अशा दोन लेन्स. "मास्तर, घ्यायचा तर डीएसएलआर घ्या, पुढे वाढवता येतो." दुकानाच्या बाजूने बोलायचं तर त्यांचं चुकत नाही. डीएसएलआर घेणारा माणूस परत येतो. बॅग, फिल्टर, तिसरी लेन्स. सुपरझूम, म्हणजे एकाच न निघणाऱ्या लांब झूमचा कॅमेरा, घेणारा एकदाच येतो. पण पुढे वाढवता येतो म्हणून घेतलेले किती कॅमेरे मी बघितले! बॉडीवर पहिल्या दिवशी चढवलेली किट लेन्स शेवटपर्यंत उतरत नाही. दुसरी लेन्स कपाटात राहते आणि आपल्याकडच्या दोन पावसाळ्यांत तिच्या काचेवर बुरशीची कोळिष्टकं उमटतात. मग ती साफ करायला माझ्याकडेच येते.

म्हणून मी पात्रांवांसमोरच दुसरा खोका उघडला. निकॉन पी-९००, सुपरझूम. ८३ एक्स, म्हणजे ८३ पट झूम. आकडा लोकांना वेडावतो, पण त्याचा अर्थ मी मास्तरांना नीट सांगितला. २५० एमएमची लेन्स १३००डी वर लावली की जुन्या फिल्मच्या हिशेबात ती ४०० एमएमचं काम करते. पी-९०० जातो २००० पर्यंत. पाचपट. तळ्याच्या मध्यावरचं बदक डीएसएलआरमध्ये करंगळीच्या नखाएवढं दिसत असेल तर ह्यात तळहाताएवढं. तेवढं डीएसएलआरवर मिळवायचं तर लेन्सची किंमत ऐकून मास्तरांनी केळी उचलून पेडणं गाठलं असतं.

मग आमची नेहमीची परीक्षा. दुकानाच्या पायरीवर उभं राहायचं आणि पलीकडच्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी पकडायची. मास्तरांनी झूमचा खटका दाबून धरला. लेन्स पुढे पुढे सरकत गेली, आणि टाकीवरच्या नावाखाली बसलेला कावळा असा समोर आला की त्याच्या चोचीला चिकटलेला भाताचा कण दिसला. मास्तर कॅमेरा खाली करेनात. तेव्हाच बिल फाटलं म्हणायचं.

जे सांगायला हवं ते मी सांगितलं असं मला त्या दिवशी वाटत होतं. ही लेन्स आत-बाहेर करते, तेव्हा हवा आत ओढते. किनाऱ्यावर नेलात तर हवेबरोबर वाळूही जाते. एक कण गिअरमध्ये अडकला की लेन्स अर्ध्यात थांबते आणि पडद्यावर लेन्स एरर येतो. आम्ही ती उघडत बसत नाही, पूर्ण ब्लॉक बदलतो, आणि खर्च ऐकून माणूस कॅमेरा तिथंच सोडून जातो. डब्यात सिलिका जेल ठेवा. हे सगळं सांगितलं. सेन्सर, म्हणजे आत उजेड टिपणारा भाग, लहान आहे, अंधारात थोडं कमी पडेल, हेही सांगितलं. "थोडं कमी" असं म्हणालो. तो शब्द आजही टोचतो.

पौष लागला तेव्हा मास्तर परत आले. केळी नव्हती. खिशातून कार्ड काढलं आणि म्हणाले, "बाब, ह्यातलं काही सुधारता येतं का बघ."

आधी पाखरांचं फोल्डर उघडलं. सांगतो, दुकानात इतक्या वर्षांत असे फोटो मी थोडेच पाहिलेत. एका अडईच्या डोळ्याभोवतीचं पिवळं कडं, बारीक, जणू कोणी रेघ ओढली. जांभळ्या पाणकोंबडीने लव्हाळ्याचा देठ लांब बोटांत माणसासारखा धरलेला. माझा सल्ला मला स्क्रीनवर दिसत होता आणि मी मनातून फुलून गेलो होतो. पात्रांवांनाही हाक मारली.

मग दुसरं फोल्डर. एकशे बारा फोटो, सगळे एका रात्रीचे. गावच्या जत्रेचा दहीकाला, म्हणजे देवळापुढचं दशावतारी नाटक. मास्तरांचे थोरले भाऊ तीसेक वर्षं संकासुर करत आले, आणि ह्या वर्षी रंगायला बसताना त्यांनी सांगितलं की गुडघे साथ देत नाहीत, पुढच्या वर्षीपासून वेष पुतण्याचा. मास्तर धावत घरी गेले, कॅमेरा घेऊन आले.

ज्यांनी दशावतारातला संकासुर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तो जागेवर थांबत नाही. उड्या, गिरक्या, प्रेक्षकांत घुसणं, लहान पोरांवर धावून जाणं, सगळं त्याचंच. आणि त्यांच्या गावचा वेष नखशिखांत काळा. वर देवळाच्या मंडपातल्या दोन पिवळ्या हॅलोजनचा उजेड, तोही एका बाजूने. कॅमेऱ्याला ह्याहून कठीण काम द्यायचं ठरवूनही देता येणार नाही. काळा वेष बघून ऑटो मोडला वाटतं दृश्यच अंधारं आहे, म्हणून तो शटर आणखी वेळ उघडा ठेवतो. त्यात मास्तर मागे, आवाठातल्या लोकांच्या पाठीमागे बसलेले. का, तर झूम आहे ना. झूम ताणला की लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक (आकडा मोठा तितकं भोक लहान), २.८ वरून आकसत शेवटच्या टोकाला ६.५ वर जातं, म्हणजे उजेड पाचपटीने घटतो. एकेका फोटोची माहिती उघडत गेलो. आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, १६००, शटर सेकंदाचा आठवा भाग. पुन्हा तेच. पुन्हा तेच. ह्या कॅमेऱ्याचं व्हायब्रेशन रिडक्शन फार चांगलं आहे, त्यामुळे मंडपाचे खांब, समई, पेटीवाला सगळे स्वच्छ आले होते. पण ते थांबवतं हाताचा कंप. नाचणाऱ्या माणसाला कसं थांबवणार? खांबांच्या मधोमध एक काळा धूर, एकशे बारा वेळा.

दुकान बंद झाल्यावर मी बसलो. रात्री अकरापर्यंत. पी-९०० रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती, देत नाही, फक्त जेपेग. म्हणजे कॅमेऱ्याने काळ्यात जे बुडवलं ते बुडालं. सावली थोडी उचलली की रांगोळीसारखे रंगीत ठिपके वर यायचे, ते दाबले की चेहऱ्याचं मेण व्हायचं. (२०२० साली पी-९५० आला आणि त्यात रॉ आहे असं वाचलं, तेव्हा पहिलं हेच कार्ड आठवलं.) शेवटी एकशे बारामधून एक फोटो हाती लागला. संकासुर मंडपाच्या खांबापाशी उभा, एक हात वर, बोटं सुटी दिसतायत, डोळ्यांत हॅलोजनचा ठिपका. तो मी आठ बाय बारा प्रिंट केला. पैसे घेतले नाहीत.

तेव्हापासून हिशेब मांडतोय आणि तो जुळत नाही. समजा डबल किट दिली असती. सेन्सरचं क्षेत्रफळ जवळजवळ बारापट. आयएसओ ३२०० सहज चाललं असतं, रॉ मिळालं असतं. पण मास्तरांनी मागे बसून ५५-२५० लावली असती तर ॲपर्चर ५.६, आणि ऑटोमध्ये बहुधा फ्लॅश टपकन वर आला असता. दशावतारात तोंडावर फ्लॅश मारणाऱ्याला गावचे लोक काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. समजा नुसती १८-५५ आणि जोडीला ५० एमएम १.८ दिली असती. तीही चाळीस हजारांत बसत होती. १.८ म्हणजे ५.६ च्या जवळजवळ दहापट उजेड. पहिल्या रांगेत बसून तो नाच नक्की पकडता आला असता. पण मग अडईच्या डोळ्याचं कडं गेलं. मास्तर ज्या कामासाठी आले होते तेच गेलं. आणि हाच पी-९०० घेऊन ते झूम न करता संकासुरापासून चार हातांवर बसले असते, आयएसओ मी शिकवलं असतं तसं हाताने चढवलं असतं, तर एकशे बारातले दहा तरी निघाले असते. ते शिकवायला दहा मिनिटं पुरली असती. मी ती दहा मिनिटं टाकीवरच्या कावळ्यावर घालवली.

आणि पात्रांव त्या दिवशी डबल किट विकायला बघत होते ते बॅगेसाठी, हे मला अजूनही ठामपणे वाटतं. पण त्या एका रात्रीपुरता त्यांचा खोका माझ्या खोक्यापेक्षा कामाचा ठरला असता, हेही मी कबूल करतो. मास्तरांनी पाखरं सांगितली आणि मी पाखरांवर थांबलो. पेडण्याच्या माणसाच्या घरात काला नाही असं होईल का? मी स्वतः बार्देशचा, लहानपणापासून जत्रेला जाणारा. हे मला सुचायला हवं होतं. आता गिऱ्हाईक कोणीही असो, दोन्ही कॅमेरे घेऊन मी त्याला मागच्या गोडाऊनमध्ये नेतो, दिवा घालवतो, दारातून येणाऱ्या उजेडात माझा हात हलवतो आणि फोटो काढायला सांगतो. उन्हात पायरीवर सगळेच कॅमेरे चांगले दिसतात. पात्रांवांना हे पटत नाही. ह्या परीक्षेने दोन विक्र्या मोडल्या, असं ते म्हणतात.

पुढच्या शुक्रवारी मास्तर प्रिंट न्यायला आले ते भावाला घेऊन. थोरले बुटके निघाले, मला फोटोवरून उंच वाटले होते. मी लिफाफ्यातून प्रिंट काढून काउंटरवर ठेवली. मास्तर म्हणाले, "बघ, बोटं कशी स्पष्ट आलीत." मी भावाच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्यांनी प्रिंट दोन्ही हातांनी धरली, उजेडाकडे नेली, बराच वेळ बघितली.

"चांगला आलाय," ते म्हणाले. "हा मी खांबाकडे दम खायला थांबलो होतो तेव्हाचा."

मग त्यांनी विचारलं, "नाचतानाचा एकही नाही?"

मास्तर माझ्याकडे बघायला लागले. मी नाही म्हणालो.