अहवाल येईपर्यंत

जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी परिचारिका म्हणून काम करताना मी गर्भाशयमुखाची तपासणी नेहमीच करते. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसिटिक आम्ल लावून एक मिनिट थांबायचे आणि पांढरा चट्टा उमटतो का ते पाहायचे, एवढीच ती तपासणी. चट्टा म्हणजे कर्करोगच असे नाही. सूज किंवा जंतुसंसर्गानेही तो उमटू शकतो, म्हणून पुढे दुर्बिणीतून पाहून गरज असल्यास तुकडा तपासायला पाठवतात.

कापूस वेचणीच्या दिवसांत एक बाई तुकड्याचा अहवाल घ्यायला पतीसह आल्या. शिबिरात त्यांच्या हाती नुसती ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेली चिठ्ठी पडली होती. तेव्हापासून त्यांनी आपले ताट आणि अंथरूण वेगळे केले होते, धाकट्याला कुशीत घेणे सोडले होते आणि पासबुक कोणत्या डब्यात आहे ते थोरल्या मुलीला दाखवून ठेवले होते. “मना पोरेसनं कसं व्हई, ताई?” एवढेच त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्याच्यामुळे होतो तो एचपीव्ही नावाचा विषाणू शरीरसंबंधातून येतो, असे कुठूनतरी ऐकून पतीने बोलणे टाकले होते, आणि माझ्या मते आजाराच्या धास्तीपेक्षा त्या अबोल्यानेच त्या अधिक खचल्या होत्या.

मी दोघांना समोर बसवले. एचपीव्ही हा इतका सर्रास आढळणारा विषाणू आहे की बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधीतरी होतोच. बहुधा दोन वर्षांत शरीर त्याला आपोआप हटवते, काहींमध्ये तो वर्षानुवर्षे सुप्त राहतो, त्यामुळे कोणाकडून आणि केव्हा आला हे सांगता येत नाही आणि त्यावरून कोणाच्या चारित्र्याचा निवाडा तर मुळीच करता येत नाही, हे मी पतीकडे पाहून सांगितले. एका ताटात जेवल्याने तो पसरत नाही, हे बाईंना सांगितले.

अहवालात कर्करोग नव्हता. त्याच्या आधीच्या टप्प्यातले बदल होते. असे बदल कर्करोगापर्यंत पोहोचायला बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात आणि तेवढा भाग उष्णतेने जाळून टाकता येतो. डॉक्टरांनी तो उपचार त्याच दिवशी केला. वर्षभराने पुन्हा बोलावणे येईल, ते प्रत्येकीलाच येते, आजार उलटला म्हणून नव्हे, हे मी निघण्यापूर्वीच दोघांना समजावले आणि तारखेसोबत तेही कागदावर लिहून दिले.