चालत्या पोस्टग्रेसवर इंडेक्स बांधताना दुसरी खिडकी उघडी ठेवा

पोस्टग्रेस डेटाबेसमधल्या मोठ्या टेबलवर नुसतं 'क्रिएट इंडेक्स' (शोध जलद करणारी सूची बांधायची आज्ञा) चालवलं तर वाचणाऱ्यांचं अडत नाही, पण इन्सर्ट-अपडेट-डिलीट मात्र इंडेक्स पूर्ण होईपर्यंत खोळंबतात. म्हणून 'कन्करंटली' जोडायचं. त्यात टेबल दोनदा वाचलं जातं, वेळ जास्त लागतो, लागू द्या. हे ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, त्यामुळे पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसला आज्ञा द्यायचं टर्मिनल साधन) आधीच ट्रान्झॅक्शन उघडलेलं असेल तर लगेच एरर येते. सेशन टीमक्समध्ये उघडा, म्हणजे कनेक्शन तुटलं तरी ते चालू राहतं. मेंटेनन्स_वर्क_मेम, म्हणजे इंडेक्स बांधायला मिळणारी मेमरी, मुळात 64 एमबी असते. रॅम मोकळी असेल तर तेवढ्या सेशनपुरती 1 जीबी करा.

आता दुसरी खिडकी. आवृत्ती 12 पासून काम कुठवर आलं ते दाखवणारा पीजी_स्टॅट_प्रोग्रेस_क्रिएट_इंडेक्स हा व्ह्यू आहे. त्यावरच्या क्वेरीच्या शेवटी अर्धविरामाऐवजी बॅकस्लॅश वॉच 5 लिहिलं की दर पाच सेकंदांनी ताजे आकडे दिसतात. टक्केवारीसाठी ब्लॉक्स_डनला आधी 100.0 ने गुणा, मग ब्लॉक्स_टोटलने भागा. नाहीतर पूर्णांकांचा भागाकार होऊन शून्यच दिसत राहतं. भाजकाला नलइफ (शून्याऐवजी नल देणारं फंक्शन) लावा, कारण काही टप्प्यांत तो शून्य असतो. आणि 99 टक्के दिसले म्हणून चहाला जाऊ नका, पुढच्या टप्प्यात मोजणी पुन्हा पहिल्यापासून होते.

आकडे थिजले तर फेजचा रकाना वाचा. 'वेटिंग फॉर रायटर्स' असेल तर त्याच टेबलवर लिहून कमिट न केलेलं कुणीतरी आहे. 'वेटिंग फॉर ओल्ड स्नॅपशॉट्स' असेल तर त्याच डेटाबेसमधल्या भलत्याच टेबलवरचा लांबलचक रिपोर्ट किंवा पीजी_डंपचा बॅकअपसुद्धा अडवत असतो. त्याच व्ह्यूमधून करंट_लॉकर_पीआयडी (अडवणाऱ्या प्रोसेसचा क्रमांक) घ्या, पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी या चालू सेशन दाखवणाऱ्या व्ह्यूत त्याचं स्टेट आणि एक्सअ‍ॅक्ट_स्टार्ट (ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ) बघा. स्टेट 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' असेल तर क्वेरी रद्द करणारं पीजी_कॅन्सल_बॅकएंड ट्रू परत देतं, पण घडत काहीच नाही, कारण रद्द करायला क्वेरीच चालू नसते. तिथे अख्खं सेशन तोडणारं पीजी_टर्मिनेट_बॅकएंडच लागतं. बॅकअप मात्र मारू नका, इंडेक्सला थांबू द्या.

कंट्रोल-सी दाबलं किंवा युनिक इंडेक्सला डुप्लिकेट सापडला, तर अर्धवट इंडेक्स मागे राहतो. टेबलची माहिती दाखवणाऱ्या बॅकस्लॅश डी मध्ये त्यापुढे 'इनव्हॅलिड' दिसतं. क्वेरी तो वापरत नाहीत, पण लिहिताना त्याचा भार पडू शकतो. खरा घोळ 'इफ नॉट एक्झिस्ट्स' घालतं: स्क्रिप्ट पुन्हा चालवली की नाव आधीच आहे म्हणून ती एरर न देता पुढे जाते, आणि निकामी इंडेक्स तसाच राहतो. आधी 'ड्रॉप इंडेक्स कन्करंटली', मगच पुन्हा बांधा.