उसकी रोटी, तिसऱ्यांदा

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. हे आधीच सांगून टाकते कारण 'उसकी रोटी' ह्या हिंदी पिक्चरशी माझं जे काही भांडण आहे ते तिथूनच सुरू होतं. पिक्चरची गोष्ट एवढीशी आहे, पंजाबातल्या खेड्यातली बालो रस्त्यावर येऊन रोटी घेऊन उभी राहते, नवरा सुच्चासिंग बस ड्रायव्हर, गाडी आली की त्याच्या हातात रोटी द्यायची आणि गाडी पुढे. घरी तो आठवड्यातून एकदाच येणार. एक दिवस तिच्या धाकट्या बहिणीला गावातला एक माणूस त्रास देतो, त्या गडबडीत बालोला उशीर होतो, नवरा चिडतो, आणि मग ती रात्र पडेपर्यंत तिथेच थांबते. हिंदी लेखक मोहन राकेशांच्या कथेवर आहे.

आता हेच आमच्याकडे होतं. तात्यांची मुक्कामी गाडी असायची, दुपारच्या फेरीला गाडी फाट्यावर दोन मिनिटं थांबायची आणि आई डबा घेऊन तिथे उभी. मी पण असायचे बरोबर. मला आठवतो तो फाटा म्हणजे नुसता कलकलाट, चहाची टपरी, शेंगावाली, बाजाराला निघालेल्या बायका, कंडक्टरकाका दारातूनच ओरडायचे वहिनी आज कालवण काय म्हणून. आणि कॉलेजात असताना पुण्यात एका फिल्म क्लबात मी पहिल्यांदा हा पिक्चर बघितला तर त्यात ही बाई गप्प. एकटी, झाडाखाली, पुतळ्यासारखी. बोलतात तेव्हा पण सगळे एका सुरात, आवाजात चढ नाही उतार नाही, जणू कागदावरचं वाचून दाखवतायत. मला इतका राग आला की मी मध्येच उठून बाहेर आले. ज्याने कधी कुणाची डबा घेऊन वाट बघितली नाही अशा माणसाने हे केलंय असं मी तेव्हा मैत्रिणीला तावातावाने सांगितलं होतं.

अर्थात राग येणारी मी काही पहिली नव्हते. १९६९-७० चा पिक्चर, दिग्दर्शक मणी कौल तेव्हा जेमतेम पंचविशीचा, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटकांच्या हाताखाली शिकून बाहेर पडलेला, आणि पैसे दिले सरकारी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने. त्याच सुमाराला ह्याच कॉर्पोरेशनच्या पैशातून 'भुवन शोम' आणि 'सारा आकाश' पण झाले, आणि तिन्हींचा कॅमेरा के. के. महाजनांचाच. ते दोन्ही पिक्चर लोकांना समजले, हसू पण आलं. 'उसकी रोटी'वर मात्र पेपरवाले तुटून पडले, आणि दुसऱ्या बाजूला लेखक-चित्रकार मंडळी तितक्याच जोरात त्याच्या पाठीशी उभी राहिली. मधलं कुणी नाहीच. सरकारी पैशातून असे पिक्चर करावेत का हा वाद तर पुढे कितीतरी वर्षं चालला. माझंही पहिलं मत त्यातलंच होतं, की लोकांच्या पैशातून ड्रायव्हरच्या बायकोवर पिक्चर काढायचा आणि तो असा काढायचा की कुठल्याही ड्रायव्हरच्या बायकोला बघता येऊ नये, हे कुठलं न्यायाचं?

मग २०११ च्या जुलैत मणी कौल गेले. तोवर मी अशा लोकांत उठबस करायला लागले होते की ज्यांच्यात त्यांचं नाव हळू आवाजात घेतात. त्या आठवड्यात पुन्हा बघितला, एका मित्राकडे, आणि बाहेर आल्यावर मी म्हटलं की काय काळ पकडलाय, काय शांतता आहे, वगैरे वगैरे. यातलं एक अक्षर मला वाटलेलं नव्हतं. मी तेव्हा पण कंटाळलेच होते, फक्त कबूल करायची हिंमत नव्हती. पहिल्या वेळेच्या रागापेक्षा मला ह्या कौतुकाचीच जास्त लाज वाटते, राग निदान माझा स्वतःचा होता.

त्या दिवसांतच एक गोष्ट मात्र वाचलेली डोक्यात राहिली होती. कौल आणि महाजनांनी मुख्यतः दोन लेन्स वापरल्या, २८ आणि १३५ मिलिमीटरच्या. २८ ची वाइड, तिच्यात जवळचं लांबचं सगळं स्वच्छ दिसतं, ती बालोच्या प्रत्यक्ष जगण्यासाठी. १३५ ची लांब, तिच्यात एवढासा तुकडा फोकसमध्ये आणि बाकी सगळं पुसट, ती तिच्या मनात चाललंय त्यासाठी. आणि पिक्चर पुढे जातो तसं हे हळूहळू उलटं होत जातं, मनातलं लख्ख दिसायला लागतं आणि समोरचं पुसट. मी हे पाठ करून लोकांना ऐकवायचे पण पडद्यावर मला ते कधी दिसलं नव्हतं.

गेल्या महिन्यात आई माझ्याकडे राहायला आली होती. मी टीव्हीवर लावला, तिला दाखवायचं म्हणून नाही, मलाच बघायचा होता. ती शेजारी मेथी निवडत बसली. सुरवातीला म्हणाली काय गं हे, कुणी बोलत का नाही. मग जरा वेळाने तिचे हात थांबले. एका जागी मी तिला म्हटलं की आई, हे बहुतेक खरं नाहीये, तिच्या मनातलं आहे, तर ती म्हणाली, "मग? वाट बघताना तसंच होतं. गाडी यायच्या आधी दहा वेळा येऊन गेलेली असते."

मी पिक्चर थांबवला. लेन्सचे ते दोन आकडे मी इतकी वर्षं पाठ केले होते आणि त्यांचा अर्थ हा होता.

म्हणून आता सगळंच आवडतं असं नाही हां. बहिणीच्या प्रकरणात मला अजूनही धग लागत नाही, त्या सपाट बोलण्याने तिथे नुकसानच झालंय असं माझं ठाम मत आहे. बालो रोज त्या रस्त्यावर येते तर तिला तिथे ओळखीचं कुणीच कसं भेटत नाही ह्याचं उत्तर पण मला मिळालेलं नाही. पण पीठ मळणारे हात, पेरूचं झाड, लांबवर जाणारा रिकामा रस्ता, हे आता मला चित्रासारखं मांडलेलं वाटत नाही. फाट्यावरचा कलकलाट मला ऐकू यायचा कारण मी वाट बघत नव्हते, मी शेंगा खात होते. आईला त्यातलं किती ऐकू येत होतं हे मी कधी विचारलंच नव्हतं.

पिक्चर संपल्यावर आईने मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली आणि सहज सांगितल्यासारखं सांगितलं की एकदा तात्यांची गाडी फाट्यावर न थांबताच गेली होती. सकाळी घरात काहीतरी बोलाचाली झाली होती. त्यांनी तिला बघितलं होतं, तिनेही बघितलं होतं. ती दिवेलागणीपर्यंत तिथेच थांबली, परतीच्या फेरीत तरी थांबतील म्हणून.

मी विचारलं थांबले का. तर म्हणाली हो, थांबले, डबा घेतला, काही बोलले नाहीत.

मी तेव्हा कुठे होते विचारलं.

"कडेवर. झोपली होतीस."