बारोन्सच्या चिठ्ठ्या आणि आपल्याकडच्या ओव्या

लात्वियाची राजधानी रीगा, तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात एक लाकडी कपाट आहे. साधारण १६० सेंटिमीटर उंच, ६६ रुंद, ४२ खोल. आत सत्तर-एक खण, खणांमध्ये छोटे छोटे कप्पे आणि कप्प्यांत ३ बाय ११ सेंटिमीटरच्या चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एकच गाणं. या गाण्यांना तिकडे दाइना म्हणतात. बहुतेक चार ओळींची असतात, आणि जन्मापासून मरणापर्यंत घरात-शेतात जे जे होतं ते सगळं त्यांत येतं. क्रिश्यानिस बारोन्स (१८३५–१९२३) या गृहस्थांनी मॉस्कोत शिकवण्या करता करता १८८० साली हे कपाट बनवून घेतलं. १८९४ ते १९१५ या काळात त्यातून ‘लात्व्यू दाइनास’ हा संग्रह छापला गेला, एकूण २,१७,९९६ गाणी. २००१ साली युनेस्कोनं हे कपाट जागतिक स्मृतिठेव्यांच्या यादीत घेतलं.

कोल्हापूर परिसरात ओव्या, यात्रांच्या चालीरीती, जुनी तालीम मंडळं यांच्या नोंदी करून नेटवर ठेवायला बरेच जण उत्सुक असतात. त्यांनी या कपाटाचा आकार-उकार पाहण्यापेक्षा त्यातली शिस्त पाहावी.

गोळा करणारे बारोन्स एकटे नव्हते. फ्रित्सिस ब्रीव्झेम्निएक्स यांनी सुरू केलेलं काम त्यांनी पुढे नेलं. गाणी पाठवणारे शिक्षक, शेतकरी, विद्यार्थी असे शेकडो लोक होते. कुणी वहीच्या वही पाठवायचा, कुणी पाकिटात चार कागद. बारोन्सनी त्यांचे तुकडे पाडून एकेक गाणं सुटं केलं. एकच गाणं दहा गावांतून दहा तऱ्हेनं आलं, तर त्यातलं ‘शुद्ध’ कुठलं ते ठरवून बाकीची फेकून दिली नाहीत. एक पाठ वर घेतला, बाकीचे त्याच्याखाली लावले आणि कुठला पाठ कुठून आला हे आकड्यांनी दाखवलं. शंभर-सव्वाशे वर्षांनंतर संगणकावर हे सगळं चढवता आलं ते या तीन गोष्टींमुळे: एक नोंद सुटी, ठिकाण पक्कं, पाठभेद शाबूत.

१९२४ साली आन्ना बेर्झकाल्ने यांच्या पुढाकारानं लात्वियाचं लोकसाहित्य अभिलेखागार उभं राहिलं, आणि शाळांतून मुलांकडून गाणी, कोडी, समजुती लिहून मागवायला सुरुवात झाली. त्या हस्तलिखितांच्या प्रतिमा आज ‘गारामान्तास’ नावाच्या संकेतस्थळावर आहेत आणि स्वयंसेवक त्या टंकित करतात. देशाच्या शताब्दीच्या, म्हणजे २०१८ च्या आगेमागे, शाळकरी मुलंही या कामात उतरली. पडद्यावर पानाची प्रतिमा, शेजारी लिहायची चौकट. दिसतंय ते तसंच उतरवायचं, सुधारायचं नाही.

ऐकायला सोपं आहे, पण जुनी लात्वियन छपाई जर्मन वळणाच्या गॉथिक अक्षरांत असायची आणि लेखनही जर्मन धाटणीचं. त्या लेखनात झेड हे अक्षर ‘त्स’साठी यायचं, ‘झ’साठी लांब एस (ſ), आणि त्याच लांब एसवर बारीक तिरकी रेघ मारली की तो ‘स’. पान थोडं पुसट असलं की रेघ दिसत नाही आणि शब्दाचा अर्थच फिरतो. वर लांब एस आणि एफ दिसायला जवळजवळ जुळे. संगणकाला सवयीनं दोन्हींत एफच दिसतो. म्हणून तिथे मशीननं वाचलेला मजकूर माणसानं ओळ न् ओळ ताडल्याशिवाय पक्का धरत नाहीत.

कोल्हापुरात या जागी मोडी आहे. करवीर संस्थानाचे मोडी कागद वाचणाऱ्या कुणालाही विचारा, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत, हात न उचलता लिहिलेलं. त्यामुळे मोडीची नोंद करताना दोन स्तंभ हवेत. एकात अक्षराला अक्षर, दुसऱ्यात आजच्या देवनागरीत शब्द तोडून. पहिला स्तंभ वगळला तर वाचणाऱ्यानं कुठे अंदाज मारला हे पुढच्याला कधीच कळत नाही. तारखांचंही तसंच. शकात ७८ (वर्षअखेरीच्या पौष-फाल्गुनाच्या सुमारास ७९) मिळवले की इसवी सन येतो, जुन्या कागदांतल्या फसली सनात ५९० किंवा ५९१, सुहूर सनात ५९९ किंवा ६००. मूळ सन खोडून नुसता इसवी सन लिहू नये. लात्विया तेव्हा रशियन साम्राज्यात असल्यामुळे तिकडेही हाच घोळ आहे. एकोणिसाव्या शतकातल्या तिथल्या जुन्या तारखा आपल्या आजच्या दिनदर्शिकेपेक्षा १२ दिवस मागे, विसाव्या शतकातल्या १३ दिवस. बारोन्सची जन्मतारीख १९ ऑक्टोबर आणि ३१ ऑक्टोबर अशी दोन ठिकाणी दोन दिसते. दोन्ही बरोबर.

आता ओव्या.

बाहेर पडण्याआधी ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांनी उभा केलेला जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह उघडा. लाखाच्या वर ओव्या आहेत, गाव आणि गाणारीचं नाव यांसकट. आपल्या तालुक्यातलं कुठलं गाव आधीच झालंय ते बघितलं की निम्मी पायपीट वाचते. गाव आधी झालं असलं तरी जायला हरकत नाही, पाठभेद मिळतोच. पन्हाळ्याच्या पायथ्याला जिथे जोतिबा येतो तिथे दुसरीकडे इठूबा, आणि त्याला जुळवून यमकही बदललेलं.

ध्वनिमुद्रण मोबाइलवर चालतं, फक्त वेगळं रेकॉर्डर ॲप घ्या आणि त्यात डब्ल्यूएव्ही, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो एवढं लावा. तासाला साधारण ३४५ एमबी जागा लागते. मोबाइलचं नेहमीचं ॲप बहुधा एम४ए फाइल करतं आणि विकिमीडिया कॉमन्स, म्हणजे विकिपीडियाचं फोटो-आवाजांचं खुलं भांडार, ती घेत नाही. मग रूपांतर करत बसावं लागतं आणि आवाजाचा आणखी चोथा होतो. मोबाइल विमान-मोडवर टाका, पंखा बंद करा, आवारात गोठा असेल तर धारेची वेळ टाळा. मोबाइल गाणारीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, पण थेट समोर नको, किंचित बाजूला. समोर धरला की ‘प’, ‘फ’, ‘भ’ला फुंकर बसते. जातं फिरवत गायलेली ओवी एकदा जरूर घ्या, कारण घरघरीशी लय बांधलेली असते. मात्र शब्द लिहून काढायला जात्याशिवायचं मुद्रण वेगळं घ्या. पहिल्यावरून शब्द लावायला गेलात तर निम्मे शब्द मनचे पडतात.

मुद्रण सुरू होताच तारीख, गाव, वाडी, गाणारीचं नाव आणि माहेर बोलून घ्या. माहेर फार महत्त्वाचं. शिरोळात नांदणारी आजी गगनबावड्याची ओवी गात असेल, तर ती ओवी शिरोळची म्हणून चढवणं चूक. नोंदीत या दोन्हींसाठी वेगळे रकाने ठेवा. वेळ दुपारची, जेवणं उरकल्यावरची बरी. भांगलणीच्या दिवसांत कुणी मोकळं नसतं आणि यात्रेच्या आठवड्यात घर पाहुण्यांनी भरलेलं असतं.

परवानगी हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात टाळला जाणारा भाग. परंपरेनं आलेल्या ओवीचे शब्द कुणा एकाचे नसले, तरी गाणारीचा गाण्यावर हक्क असतो. भारतीय कायद्यात सादर करणाऱ्याचा हक्क ५० वर्षांचा आहे. मुक्त परवान्यावर आवाज ठेवायचा तर तो कुणीही ऐकेल, छापेल, त्यावर पैसेसुद्धा कमवेल, हे मराठीत सरळ सांगून मगच सही किंवा अंगठा घ्या. ‘मावशी, नुसतं रेकॉर्डिंग करतोय’ म्हणून निघून येणं हा निव्वळ अप्रामाणिकपणा आहे. सासू-दिराच्या छळाच्या ओव्यांत कधी कधी जिवंत माणसांची नावं येतात. अशा वेळी गाणारीला विचारून नाव झाका, फक्त गाव ठेवा, आणि झाकलंय हे नोंदीत लिहा.

लिहून काढताना एका ओवीला एक ओळ, एक क्रमांक. क्रमांक एकदा दिला की तो मरेपर्यंत बदलायचा नाही. ओवी रद्द झाली तर क्रमांक रिकामा पडू दे, दुसऱ्या ओवीला देऊ नका. विषय मात्र हवे तितके बदला. बाप-लेक, भाऊ-बहीण, पंढरी, अंबाबाई असे गठ्ठे पहिल्याच दिवशी पाडायला बसू नका. शंभरेक ओव्या हाताखालून गेल्या की गठ्ठे आपोआप दिसायला लागतात. गाताना पहिला चरण दोनदा येतो, मधेच ‘गं बाई’ येतं. म्हणून ‘गायलं तसं’ आणि ‘सांगितलं तसं’ असे दोन रकाने. ‘न्हाई’ला ‘नाही’ करू नका, ‘इठूबा’ला ‘विठोबा’ करू नका. प्रमाण रूप पाहिजेच असेल तर तिसरा रकाना आहे की.

टंकलेखनातला एक किडा भल्याभल्यांना सापडत नाही. ‘दऱ्या’मधला ऱ्य दोन तऱ्हांनी उमटतो: एक नुक्त्याच्या ऱ पासून, दुसरा साध्या र ला हलन्त आणि जोडणारं अदृश्य चिन्ह लावून. डोळ्याला दोन्ही सारखेच. शोध मात्र एक सापडवतो, दुसरा नाही. निम्म्यांनी एक कळफलक वापरला आणि निम्म्यांनी दुसरा, की अर्ध्या ओव्या शोधात गायब. सुरुवातीलाच पहिली तऱ्हा ठरवा आणि महिन्याकाठी ‘शोधा-बदला’ मारून सगळं एकसारखं करा.

जुन्या वह्या मिळाल्या तर दुधावरची साय समजा. पुरात भिजलेली वही उन्हात वाळवू नका, पानं आखडतात आणि शाई उडते. पानांमध्ये टिपकागद घालून पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. लॅमिनेशन तर अजिबात नको. फोटो खिडकीच्या आडव्या उजेडात, वही सपाट, कडेला मोजपट्टी. आणि हे फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, आकार घटतो आणि फोटोत दडलेली तारीखवेळ पुसली जाते. पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

स्वामित्वहक्क दोन्ही देशांत वेगळा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, लात्वियात ७०. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान १९३१ साली गेले, त्यामुळे त्यांच्या चित्रांना इथे अडचण नाही. रस्त्यावरच्या इमारतीचा फोटो आपल्याकडे बिनधास्त चढवता येतो. लात्वियात मात्र ही सवलत व्यावसायिक वापराला नाही. ते कपाट ज्या ग्रंथालयात आहे त्याचे वास्तुकार गुनार बिर्केर्ट्स २०१७ साली गेले, त्यामुळे त्या इमारतीचा ठसठशीत फोटो कॉमन्सवर टाकला तर तो उडवला जाण्याची शक्यताच जास्त. मराठी विकिपीडियावर लात्वियाबद्दल लिहिणाऱ्यांनी हे आधी पाहावं. जाता जाता आणखी एक: कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ मध्ये राहिलेले निर्वासित पोलंडचे होते. कोल्हापूर आणि लात्विया यांचा धागा जोडण्याच्या उत्साहात त्यांना बाल्टिक करून टाकू नये.

माणसं वाटून घेताना गोळा करणारा, लिहून काढणारा आणि तपासणारा वेगवेगळे असावेत. मराठी विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या भावंडासारख्या मुक्त ग्रंथालयात, पान लाल असतं, एकानं तपासलं की पिवळं होतं, दुसऱ्यानं पुन्हा ताडलं की हिरवं. पिवळं करणाऱ्यालाच ते हिरवं करता येत नाही. ओव्यांच्या तक्त्यातही हीच अट घाला आणि तपासणाऱ्याचा रकाना रिकामा असलेली ओवी चढवू नका. मूळ ध्वनीफाइलच्या तीन प्रती ठेवा: एक हार्ड डिस्कवर, एक ढगात (क्लाउडवर), एक दुसऱ्या गावातल्या कुणाच्या तरी घरी. पंचगंगेचं पाणी चढलं की एकाच गल्लीतल्या तीन प्रती म्हणजे एकच प्रत.