कोल्हीण, कोंबड्या आणि बेडकाचं पिल्लू

काल ब्रनो या चेक शहरात संगीतकार यानाचेकच्या 'कोल्हीण बिस्त्रोउश्का' या ऑपेराचं नवीन सादरीकरण पाहिलं. माझी चेक भाषा दूध-ब्रेड आणण्यापुरती, त्यामुळे निम्मा वेळ मान वर, सबटायटल्सकडे.

मूळ गोष्ट १९२०मध्ये इथल्याच एका वर्तमानपत्रात चित्रांसकट क्रमशः येत होती. यानाचेकने त्यावर हा ऑपेरा केला, पहिला प्रयोगही ब्रनोतच, १९२४ साली. गडी तेव्हा सत्तरीचा!

कोंबड्यांचा प्रसंग भन्नाट. इथे त्या निळे एप्रन, डोक्याला जाळी, थेट कारखान्याच्या पाळीवर आल्यासारख्या. कोल्हीण भाषण ठोकते, बायांनो, कोंबड्याची गुलामी झुगारा! या ढिम्म. मग ती मेल्याचं सोंग घेते. पुढचं सांगायला नको.

तिला गोळी लागते तो क्षण इतका पटकन येतो की मी सबटायटल वाचत होते आणि खाली ती पडलेलीसुद्धा. (वैतागले स्वतःवर.) रडारडीचं मोठं गाणं वगैरे काही नाही.

सुरुवातीला वनरक्षक जंगलात डुलकी घेतो, एक बेडूक त्याच्या अंगावर उडी मारतो आणि तिथेच तो या कोल्हिणीला पकडतो. शेवटी म्हातारा होऊन तो पुन्हा त्याच जागी येतो. समोर बेडूक. "पुन्हा तूच?" तर ते पिल्लू अडखळत म्हणतं, तो मी नव्हे, ते माझे आजोबा. बेडूक झालेला मुलगा जेमतेम आठेक वर्षांचा, हिरवी टोपी डोळ्यांवर घसरलेली, एका हाताने ती सावरत गात होता. म्हाताऱ्याच्या हातून बंदूक गळून पडली.

हाच शेवट यानाचेकच्या अंत्यविधीलाही वाजवला होता.

शेजारच्या आजींनी डोळे पुसले, पर्समधून दोन पेपरमिंट काढल्या, एक मला दिली.